टिंबाशिवाय

सक्करदऱ्याच्या चौकात माझं टायपिंगचं दुकान.
अर्ज, अ‍ॅफिडेव्हिट, लग्नाचे बायोडाटे,
पानाला वीस रुपये, दुरुस्ती फुकट.
मे महिना, दुपारचे अडीच.
कीबोर्डची बटणं बोटांना चावत होती.

हर्षल नंदनवारने पेनड्राइव्ह पुढे केला.
"बाबांच्या कॉम्प्युटरमधली हाय. उघडूनच नाही राह्यली."
फाईलचं नाव: कुंदा.
नुसतं कुंदा.
पुढे टिंब नाही, टिंबापुढची अक्षरं नाहीत.
कुंदा म्हणजे त्याची आई.
पत्र असेल, तो म्हणाला,
आणि खुर्ची असून उभाच राहिला.

दोनदा क्लिक केलं.
कशाने उघडू, मशीनने विचारलं,
आणि होते नव्हते ते सगळे रांगेत आणून उभे केले,
गाणी वाजवणारा, फोटो दाखवणारा,
खाली एक रिकामा चौकोन: नेहमी यानेच.
टिंबापुढचं दिसलं नाही की त्याचा जीव कासावीस होतो.

धंतोलीत खोली बघायला गेले होते तेव्हा
घरमालकीणबाईंनी नाव विचारलं.
दमयंती, म्हटलं.
त्या थांबून राहिल्या. पुढे?
पुढचं सांगितलं, तशी खोली
कालच दिलेली निघाली.

तर ते असो.
फाईल नोटपॅडमध्ये घातली.
ठोकळे, प्रश्नचिन्हं, उलट्या टोप्या घातलेली अक्षरं.
"गेली ना बाप्पा?"
थांब, म्हटलं, सुरुवात बघ.
पहिली दोन अक्षरं, पी आणि के.
ज्याने अशी गाठोडी बांधायची रीत काढली
त्याच्या नावाची आद्याक्षरं आहेत ती,
लग्नातल्या भांड्यांवर घालतात तशी.
म्हणजे हे गाठोडं.
आणि आत बाकी सगळं दाबून, चेपून भरलेलं असताना
सगळ्यात वर एक चिठ्ठी
तेवढी घडी न घालता ठेवलेली,
गाठ न सोडता कुणालाही वाचता यावी म्हणून:
मी कोण आहे.

मी वाचली. पत्र नव्हतं.
त्याला सांगितलं नाही.
पत्रं लिहायचाच प्रोग्राम उघडला
आणि फाईल त्याच्या हातात दिली.
त्याने पोटात डोकावून पाहिलं
आणि एक शब्द न बोलता
शेजारच्या हिशेबवाल्याकडे सोपवली.

तारीख. वेळ. बादल्या.
मनोहर नंदनवार महापालिकेत पाण्याचे मीटर वाचायचे,
रिटायर झाल्यावरही हात थांबला नसावा.
१९ मे, पहाटे ३.४०, दोन.
२० मे, पहाटे ३.१०, तीन. शेरा: लाईट गेली होती.
२१ मे, १.५५ ला एक, ४.२० ला पुन्हा एक.
अकरा उन्हाळे.
जूनच्या मध्यावर रकाना थांबतो
आणि मार्चअखेर परत सुरू होतो.

"कायच्या बादल्या?" हर्षलला कळेना.
मला कळलं.
माझ्याही खिडकीला वाळ्याची ताटी आहे,
रात्री तीनला तिचा आवाज बदलतो,
ओली सरसर जाऊन कोरडी घरघर.
कूलर, म्हटलं.

त्याने फोन लावला, स्पीकरवर.
वाचत गेला, तारीख, वेळ, बादल्या,
किराण्याची यादी वाचावी तसा,
२०१६ च्या मध्यापर्यंत.
पलीकडून हं नाही, हुं नाही.
मग एकदम,
"मले वाटे, टाकीच मोठी हाय."

एकवीस पानं होती. प्रिंट लावली.
पंखा बंद करावा लागला,
कागद उडत होते.