कुरव वगळून

पहिल्या दिवशी गळ्यात अडकवायला जे ओळखपत्र मिळालं
त्यावर नाव होतं लॅखलन.
माझ्या आधी उन्हाळाभर होता तो.
"नवं छापून येईल," मॉरॅग म्हणाली,
"तोवर हेच घाल, दार तरी उघडतं याने."
मी रुआरी. दार उघडलं.

डंडीच्या गोदीमागे, तागाच्या एका जुन्या गोदामात
आमची संस्था: एकाने टाकलेले फ्रीज, शेगड्या, पलंग
दुरुस्त करून दुसऱ्याच्या घरी पोचवणारी.
मला वाटलं होतं, पलंग उचलायचे असतील.
पाठ शेकून निघेल, झोप लागेल, जमलं तर पुण्यही.
पण मी विद्यापीठातला, अक्षर बरं,
म्हणून हातात दिली वही.
"माणसांकडे जा. त्यांच्या कहाण्या आण.
हिवाळ्याच्या पत्रकात लागतात."

इश्बेल गेडिस, अकरावा मजला, लिफ्ट बंद.
धापा टाकत पोचलो तर तिनेच मला पाणी दिलं
आणि विचारलं, "तुला काय हवंय, बाळा?"
हा प्रश्न खरं तर माझ्या फॉर्मवर होता.

तिचा फ्रीज मार्चमध्ये गेला.
"गेला म्हणजे, माझा नवरा गेला तसाच.
आधी बराच कुरकुरला."
तेव्हापासून दुधाचा खोका गॅलरीच्या कठड्यावर.
उत्तर समुद्राचा वारा फुकट, बिल येत नाही.
फक्त एक कुरव,
एका पायाने लंगडा, दुपारी तीनला येतो,
खोक्याला चोचीने भोक पाडतो
आणि काचेतून तिच्याकडे बघत बघत पितो.
तिने त्याचं नाव ठेवलंय वकीलसाहेब.

मी सगळं लिहिलं. कुरव दीड पान.
अकरा मजले हसत उतरलो.

मॉरॅगही हसली वाचून, अगदी डोळे पुसत.
मग पेन्सिल घेतली.
कुरव गेला. नवरा गेला, दुसऱ्यांदा.
"हसणाऱ्या बाईला कोणी फ्रीज देत नाही रे,"
म्हणाली. दुष्टपणे नाही,
एकवीस वर्षं भाडं, डिझेल आणि पगार जमवलेलं माणूस
जसं म्हणेल तसं.
"थंडी घाल थोडी. एकटी राहते ना? तेही."
मी थंडी घातली.
एकटी घातली. अंधार माझ्या पदरचा.
खोटं वाक्य एकही नव्हतं त्यात.
अंधार पडतोच इथे डिसेंबरात, साडेतीनला.

सहीसाठी मीच गेलो. लिफ्ट अजून बंद.
तिने चष्मा लावला, ओळीखाली बोट धरून वाचलं
पहिलीतली मुलं वाचतात तसं.
मी केटलीकडे बघत उभा.
"बिचारी," शेवटी म्हणाली. "कोण ही बाई?
हिला द्या आधी फ्रीज."
आणि सही केली, ठसठशीत, पूर्ण नावाने.
मग जरा वेळाने,
"वकीलसाहेबांना का काढलंस?"
जागा कमी पडली, मी म्हणालो.
तिने मान हलवली,
मुलगा बाहेर खाऊन आलोय म्हणतो
तेव्हा हलवतात तशी.

पत्रक गेलं. पैसे आले, गेल्या वर्षीपेक्षा जास्त.
सत्तावीस फ्रीज.
मी संख्याशास्त्र शिकतो, सत्तावीस म्हणजे सत्तावीस.
फेब्रुवारीत तिचा घेऊन आम्ही चौघे
जिन्याने, प्रत्येक वळणावर टेकत,
आणि पाठ अखेर शेकली.
कोपऱ्यात तो नीट घरघरायला लागला.
तिने आत लोणी ठेवलं,
अर्धा कांदा,
डोळ्यांत घालायचं औषध.

दूध बाहेर, कठड्यावर.

मी काही विचारलं नाही. वही आणलीच नव्हती.
बाकीचे तिघे खाली गेले.
तिने माझ्या गळ्यातलं ओळखपत्र हातात घेतलं,
लांब धरून वाचलं.
"आणि हा कोण?"
मग घड्याळाकडे बघून,
"थांब जरा. तीन वाजतील इतक्यात."