पंच्याहत्तर बाइटांची ओळ

नियम साधा आहे : ओळ पंच्याहत्तर बाइटांपलीकडे गेली
की मोडायची,
पुढची ओळ एका कोऱ्या जागेपासून सुरू करायची.
वाचणाऱ्याने ती जागा गिळायची
आणि दोन्ही तुकडे सांधायचे.
इंग्रजीत पंच्याहत्तर बाइट म्हणजे पंच्याहत्तर अक्षरं,
आमच्या जॉर्जियन लिपीत पंचवीस.
म्हणून आईच्या नोंदी लवकर मोडतात.

मी कुताईसीत बसून हेच काम करते :
एका कंपनीच्या कॅलेंडरातला गुरुवार
दुसऱ्या कंपनीच्या कॅलेंडरात गेल्यावर
गुरुवारच राहतो का, ते बघणं.
शेजारच्या नाझीकोला वाटतं मी भिंतीवरची कॅलेंडरं छापते.
दर डिसेंबरात एक फुकट मागते.

आई इटलीत, बारी शहरात. नऊ वर्षं झाली.
सिन्योरा एर्मेलिंदाला उठवते, न्हाऊ घालते, भरवते,
रात्री तिच्या खोकल्यावर कान ठेवून झोपते.
गुरुवारी दुपारी तीनला तिची सुटी.
तीनलाच ती समुद्राकडच्या बाकावर बसते आणि मला फोन लावते.

तिचा फोन सिन्योराच्या नातवाने टाकून दिलेला,
माझा सर्व्हर आम्हीच बांधलेला.
दोघांत ना ओळख ना करार.
मधे नुसता साधा मजकूर, कुणालाही वाचता येईल असा :
इथे सुरू. इथे संपलं. दर आठवड्याला, गुरुवारी.
आणि एक लांबलचक क्रमांक,
नोंदीचं नाव बदललं, तास बदलला, तरी तोच राहणारा.

पहिल्याच मार्चात माझी चूक झाली.
मी तिचे तीन ग्रीनिचच्या हिशेबात लिहून ठेवले होते.
मार्चअखेर इटलीने घड्याळं पुढे ढकलली,
आमच्याकडे घड्याळाला कुणी हात लावत नाही.
तिने चर्चचे टोले ऐकून तीनला फोन लावला.
इथे पाच. मी मीटिंगमध्ये, फोन मुका.
माझ्या पडद्यावर लिहिलेलं : सहा.
तिच्या पडद्यावर लिहिलेलं : चार.
दोघी माझ्याच चुकीशी प्रामाणिक.
तासभर ती वाऱ्यात बसून राहिली.

"तुझ्या यंत्राला सांग," ती म्हणाली,
"मी जिथे आहे तिथले तीन."

या विषयावरची पानंच्या पानं मी वाचली आहेत.
इतकं थोडक्यात कुणी लिहिलेलं नाही.
त्या रात्री मी वेळेच्या शेपटीला चिकटलेलं ग्रीनिच खोडलं
आणि पुढे लिहिलं : रोम.

मग सात वर्षं काही बिघडलं नाही.
म्हणजे कॅलेंडरात.

परवाच्या नोव्हेंबरात एक नवी नोंद आली.
मी सवयीने तिचा कच्चा मजकूर उघडला :

    सिन्योरा गेली. मी घरी ये

इथे ओळ मोडलेली.
मला ठाऊक आहे का मोडते, मीच लोकांना शिकवते.
तरी खालच्या ओळीकडे जायला
नजर तयार होईना.
'ये'च्या पुढे काहीही येऊ शकतं.
ऊ शकत नाही, असंही.

     त आहे

मी कोरी जागा गिळली. दोन्ही तुकडे सांधले.

तारखेपुढे वेळ नव्हती. पूर्ण दिवस.
अशा नोंदीला प्रदेश लागत नाही,
ती तारीख जिथे उजाडेल तिथली.
खाली : तुमचं उत्तर, बाकी.
मी 'हो' दाबलं.
ज्यांनी माझं नावही ऐकलेलं नाही
त्यांनी घडवलेल्या फोनवर, बारीत,
माझं 'हो' जसंच्या तसं उमटलं.

आता ती इथे आहे. दोन पेट्या अजून दारात.
गुरुवारच्या नियमाला शेवटची तारीख
घालायची राहून गेली आहे.
संध्याकाळी सहाला माझा फोन वाजतो : आई, तीन, रोम.
ती स्वयंपाकघरातून ओरडते,
"कुणाचा आहे गं?"