तात्पुरतं

बटण दाबतो आणि पोळ्या लाटायला घेतो.
तिसरी तव्यावर फुगते तेव्हा पडदा उजळतो,
चौथीला बाण हलतो,
पाचवी डब्यात गेली की सांगलीहून मृदुला येते
तुकड्यातुकड्यांनी : आधी कपाळ, मग चष्मा,
मग ओठ, जे मघाशीच बोलून झालेले असतात.
"नवा घ्या की एखादा."
मी म्हणतो, आता किती दिवसांसाठी?

हे मी एकोणीस वर्षं म्हणतोय.
सोफा घेतला तो मंगळूरला परतणाऱ्या डिसोझांचा,
फ्रिज एका मिसरी मास्तरांचा,
पडदे कुणाचे ते आठवतही नाही,
खिडकीला मात्र अजून वीतभर आखूड पडतात.
आणि हा संगणक हाशिम इद्रिसचा.
सुदानचा सर्व्हेअर, एका रात्रीत सामान आवरून गेला.
तीस रियाल म्हणाला, पंचवीस घेतले,
वर एक टेबलफॅन फुकट.

शुक्रवारी दुपारी रुवीत चिटपाखरू नसतं.
फरशीवर जुनी चादर अंथरली,
झाकणाचे तीन स्क्रू काढले. चौथा मुळातच नव्हता.
आत वाळवंट.
अतिशयोक्ती नाही : पंख्याच्या पात्यांवर
रांगोळीहून बारीक, तपकिरी,
पंधरा उन्हाळ्यांची बसलेली वाळू.
रंगाच्या ब्रशनं झाडली, सहा वेळा शिंकलो.

रुबेलनं दुकानातून फोनवर सांगितलं
त्याच्या चटगावच्या हिंदीत :
हा उठला की त्याच्याबरोबर
आणखी कोण कोण उठतं, ते आधी बघा दादा.
बघितलं. बाप रे.
विकून टाकलेला प्रिंटर रोज उठत होता,
एक शब्दकोश, कधीच न खेळलेलं बुद्धिबळ,
निरोप पोचवणारी एक कंपनी, जी स्वतःच बुडाली,
सगळे लग्नघरासारखे एकाच न्हाणीच्या दाराशी.
एकेकाला परत झोपवलं.
मग तात्पुरत्या फायली. अकरा हजार चारशे.
पुसू का, त्यानं विचारलं.
पूस बाबा.
तरी जागेची पट्टी लालच.

राहिलं ते हाशिमचं पिवळं फोल्डर.
नाव अरबीत. आणि माझी अरबी पाट्यांपुरती :
पाणी, बंद, डावीकडे, उद्या.
इतकी वर्षं त्याला वळसा घालून बसलो,
दुसऱ्याच्या कपाटाला हात लावू नये म्हणून.
ते नाव कागदावर काढून घेतलं,
मेंदीची नक्षी उतरवावी तसं,
आणि खाली बकाल्यात सालिमला दाखवलं.
पाव मोजता मोजता त्यानं वाचलं :
"मुअक्कत. म्हणजे, थोड्या वेळापुरतं.
नंतर हलवायचं असेल कुणाला."

वर आलो. उघडलं.
कुठल्याशा रस्त्याची मोजमापं.
नदीकाठचं लग्न, सगळे उन्हात डोळे बारीक करून.
एका मुलीचा पडलेला दुधाचा दात,
नऊ वेळा, नऊ बाजूंनी, तळहातावर.
हाशिमचा नंबर लावला.
एक बाई आधी अरबीत नाही म्हणाली, मग इंग्रजीत.

शनिवारी नवी डिस्क आणली, अठरा रियाल,
बिस्किटाच्या पुड्याएवढी, हातात वजनच लागेना.
रुबेल म्हणाला, अजून सहा-सात वर्षं बघायला नको.
मी हिशेब केला नाही.
नव्या डिस्कवर दात आधी गेला,
मग नदी, मग रस्ता, मग माझं काय ते.
फोल्डरचं नाव बदलावंसं वाटलं,
पण अरबीत दुसरं काय लिहिणार?
बंद? उद्या?

आता बटण दाबलं की बावीस सेकंदांत मृदुला येते,
अख्खी. ओठ आणि आवाज एकदमच.
"अय्या! नवा घेतलात?"
"नाही गं, तोच."
"कानाला पीठ लागलंय तुमच्या."
पहिलीच पोळी पोळपाटावर, अर्धी लाटलेली,
तवा नुसताच तापतोय,
आणि पाच पोळ्यांच्या वेळात
जे काही मी बोलायचं ठरवत असे,
ते इतक्या लवकर सुचत नाही.