छाट

गणिताच्या तासाला बाकं मागे सरकवली.
म्हटलं, आज वजाबाकी करून दाखवायची :
विडी कारखान्याची खिडकी मांडा.
खडूचे तुकडे झाले विड्या.

लावण्या चिट्याल, जी हजेरीलाही
नुसता हात वर करते,
तपासनीस झाली.
नसलेल्या चष्म्यावरून बघत,
“ही कच्ची. ही जाड.
ही काय घरी ओढायला वळलीस?”
वर्ग खदखदला.
घरकुलातल्या पोरी
हसता हसता गप्प झाल्या.

मग अदलाबदल.
लावण्या आई. मांडीवर पाटीचं सूप.
खिडकीत मल्लिनाथ :
“दोन कट्टे छाट. पुढची या.”

ती हलली नाही.
रांग मागून ढकलत होती, खरोखरच.
“एंदुकु?”
एवढंच म्हणाली.
मल्लिनाथला तेलुगू येत नाही,
तरी तो माझ्याकडे बघायला लागला,
उत्तर मी सांगेन म्हणून.

मी फळ्याकडे वळले. तिथे
हजार वजा पन्नास
कधीचं सोडवून ठेवलं होतं.

घंटा झाली. बाकं जागेवर गेली.
लावण्यानं भुईवरचे सगळे तुकडे वेचले,
माझ्या ओंजळीत ओतले.
“बाई, मोजून घ्या,” म्हणाली,
“माझ्यासमोर.”