आधी आडवी, मग उभी

फ्लेक्सच्या मशीनवर लाल दिवा लागला
आणि पडद्यावर एक अक्षर उमटलं,
दारं-खिडक्या लावून घेतलेल्या घरासारखं.
पुण्याचा इंजिनिअर म्हणाला, गुरुवारी येतो.
कुठल्या गुरुवारी, ते म्हणाला नाही.

शहापुरात तेहतीस वर्षं मी हातानं पाट्या रंगवल्या.
आता हुक्केरींच्या दुकानात
त्या पाट्या गिळलेल्या मशीनला रोल भरवतो.

चैत्राली वाचून म्हणाली, "शाई संपलीय, काका.
वर काळं, खाली माती. मिळून शाई."
नानछांगहून डॉक्टर होऊन आलीय पोरगी,
इथली परीक्षा अजून राहिलीय तिची.
मी म्हटलं, तोवर मला शिकव.

पहिल्या दिवशी मी पेंटरासारखं केलं.
खडूनं चौकट, मग कडा, मग पोट भरलं.
हुबेहूब उतरलं. मालकांनी मान डोलावली.
चैत्रालीनं कागद उजेडात धरला:
"दिसालंय बरोबर. लिहिलंय चूक."

कशावरून?

"कुठली रेघ कुठल्या रेघेवर चढलीय, दिसतंय की."

गप्प झालो. हे मला कळायला हवं होतं.
खडे बाजारातल्या एका कापडाच्या दुकानावर
माझ्याच हाताचे पाच थर आहेत.
एका वर्षी मराठी वर, एका वर्षी खाली,
मग तळहाताएवढी, कोपऱ्यात.
एकदा रात्री कुणी डांबर फासलं, मालकानं मला बोलावलं.
पुढच्या खेपेला दुसऱ्यांनी फासलं,
बोलावलं मलाच.
दर तोच लावला. खरवडायचे वीस रुपये वेगळे.

तर क्रम.
आधी आडवी, मग उभी.
वरून खाली, डावीकडून उजवीकडं.
हात ऐकेना.
मराठीत शिरोरेघ मी शेवटी मारतो,
सगळी अक्षरं उभी राहिली की
श्वास धरून, एका दमात.
कन्नडला मनगट सैल सोडावं लागतं,
गोल आपणहून फिरतो.
इथं छप्पर आधी, खांब नंतर.
असं घर कोण बांधतं?
"लिहा की, काका."

'लहान' लिहिताना मधली काठी आधी, मग दोन्हीकडं थेंब.
'आग' लिहिताना उलटं:
ठिणग्या आधी पडतात,
माणूस मागून येतो.

आठव्या दिवशी 'देश'.
डावी बाजू. मग वरची, तीच वळवून उजवी.
आत पाच रेघांचा एक हिरवा मणी.
आणि सगळ्यात शेवटी तळाची रेघ.
"आतल्यांना आधी आत येऊ द्यायचं," ती म्हणाली,
"मग दार लावायचं."

आणि दार आधी लावलं तर?
"चूक."
वाचता येईल?
तिनं पेनाचं टोपण दोनदा उघडलं, दोनदा लावलं.
"वाचता येतंय. पण चूक."

तिकडं म्हातारे म्हणे बागेतल्या फरशीवर
पाण्यानं लिहितात.
मी बारा नंबरचा ब्रश काढला,
रॉकेलचा वास जाईपर्यंत धुतला,
आणि दुकानाच्या शहाबादी पायरीवर बसलो, भर एप्रिलात, दुपारी.
पाण्यावर कोण डांबर टाकणार?

नगरपालिकेचा एक जण स्कूटर थांबवून म्हणाला,
"इदु याव भाषे, मामा?"
ही कुठली भाषा.
"नीरिंदु," म्हटलं. पाण्याची.
तो हसला नाही. बराच वेळ बघत राहिला,
मग म्हणाला, हातात वळण आहे तुमच्या,
आणि गेला.

डावी बाजू. वरची, वळवून उजवी.
आतला मणी, त्याचा शेवटचा थेंब.
तळाच्या रेघेसाठी ब्रश बुडवून वाकलो
तोवर डावी बाजू वाळून गेली होती,
मणी तेवढा ओला,
उघड्यावर.

आतून चैत्राली ओरडली,
"थांबू नका, काका. परत. आधी डावी."