दाराची जवारी

कुपवाडला, बर्फाच्या कारखान्यामागं माझं शेड.
आत उभी पंच्याण्णवची मर्सिडीज,
रंग एकेकाळी काळा.
बरोबर सिद्राम ऐनापुरे,
हळदीच्या मगदूम अडत्यांचा ड्रायव्हर, सत्तावीस वर्षं.
शेट गेले. थकल्या पगाराच्या बदल्यात
पोरांनी गाडी ह्याच्या नावावर केली.
“गाडी न्हवं, कटकट दिली,” म्हणतो,
आणि म्हणता म्हणता बाहीनं बॉनेट पुसतो.

काम एकच : मागचं डावं दार.
काच अर्ध्यात अडकलेली,
हँडल मोडून हातात आलेलं,
बीडिंग वाळून पापड.

पॅड उतरवला. सात क्लिपांतल्या पाच
निघतानाच चुरा झाल्या.
आत पत्र्यावर गाळाच्या दोन रेघा,
खालची पाचच्या पुराची, वरची एकोणीसची.
आयर्विन पुलावर पाण्याचे आकडे असतात, तसं हे,
फक्त कुणी वाचायला आलं नव्हतं.
दाराच्या बुडाला पाणी जायला भोकं असतात,
मालकाला कधीच ठाऊक नसतात.
तारेनं टोकरली. पिवळट चिखल गळला,
आणि शेडभर हळदीचा वास.
सिद्राम बाहेर जाऊन बिडी ओढून आला.

काचेच्या मशीनला काही झालं नव्हतं.
मेला होता चिंचोक्याएवढा नायलॉनचा तुकडा,
ज्याच्यावर काच सरकते.
पुण्याचा शोरूमवाला म्हणाला, अख्खी मशीन घ्या, अठरा हजार.
शिरोलीच्या भंगारात होती ती उजव्या दाराची.
शेवटी लेथवाल्या बाबासो कोथळेनं
जुन्या तुकड्याकडं दोनदा बघून
तिसऱ्यांदा न बघता तो कातला.
एकशेवीस रुपये, वर चहा.

हँडल मात्र भंगारातलंच, चंदेरी.
“असूंदे,” सिद्राम म्हणाला,
“म्हातारीला चांदीचा दात.”

काच खाली गेली, वर आली. त्याचं लक्ष नव्हतं.
त्यानं दार लावलं, ऐकलं, मान हलवली.
“ह्यो आवाज न्हाई.”

माझा बाप मिरजेत सतारीची जवारी काढायचा.
हाडाच्या घोडीवर कानस, एक घास, तार छेडायची,
पुन्हा अर्धा घास.
मला ते जमलं नाही. बोटं जाड, म्हणायचा,
कान बरा आहे, पण कानाला कोण पगार देतं.
मी स्ट्रायकरचा बोल्ट सैल केला,
केसभर आत.
खण्ण.
केसभर वर.
ठप.
नव्या बीडिंगला खडू चोळला, परत अर्धा केस.
अंधार पडेपर्यंत दोघंच, एक दार आणि मधे शांतता.

मग लागलं ते :
भरल्या पोत्यावर पोतं ठेवावं तसं,
खाली बसणारं, मागं काही न उरणारं.
सिद्राम हसला. “ह्यो.”

मी म्हटलं, आता आत बसा, आतनं ऐका.
तो घोटाळला.
सत्तावीस वर्षं हे दार त्यानं बाहेरून लावलेलं.
आतला आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता.
चप्पल काढून बसला,
सीटच्या कडेला, पायात झाडू ठेवल्यागत अवघडून.
मी तेलकट हात पुसले,
चंदेरी हँडल धरलं
आणि दार लावलं.

काचेआड त्याचे ओठ हलले.
मला काही ऐकू आलं नाही.
मग काच खाली यायला लागली,
हळू,
न अडखळता.