तारकरबाईंचा पहिला खेळ

बाई, आधी एक ऐका: तो मोठा खेळ घेऊ नका.
माझ्या दुकानात येणारं प्रत्येक पोर त्याचंच नाव घेईल.
एकशे चाळीस जीबी उतरवायला
घोडपदेवच्या तुमच्या वायफायला दोन रात्री लागतील,
आणि मग तो विचारत बसेल
नाक किती लांब, भुवया कुठल्या, देव कोणता.
तुम्ही नाकापाशीच कंटाळाल.

लहानापासून सुरू करा.
मी टाकून ठेवलाय, कंदिलाचं चित्र आहे बघा.
वरून दिसणारं एक गाव, एक पाणचक्की,
तुमच्याबरोबर चालणारी चार माणसं.
यात लढाई पाळीपाळीनं होते.
तुमचं ठरेपर्यंत समोरचा लांडगा
पंजा उचलून तसाच उभा.
चहा टाकून या. दूधवाल्याशी बोला. तो उभाच.
तुमच्या माझगाव कोर्टासारखंच म्हणा,
फक्त पुढची तारीख पडत नाही.

डावा हात असा ठेवायचा.
डब्ल्यू म्हणजे पुढे, एस मागे, ए आणि डी बाजूला.
एकतीस वर्षं ज्या बोटांनी
'साक्षीदार शपथेवर सांगतो की' टंकलं
त्यांना आता पाय व्हा म्हणतोय मी, कळतंय मला.
दोन दिवस भिंतींवर आपटाल.
सगळेच आपटतात. मी माझ्या पहिल्या खेळात
अर्धा तास विहिरीत होतो.

'सोपे' निवडा. लाज कसली?

औषधाच्या बाटल्या जपून ठेवू नका.
यूपीएस बसवायला आलो तेव्हा तुमचं कपाट उघडं होतं:
घडी न मोडलेल्या साड्या, किमतीच्या चिठ्ठीसकट.
इथेही माणसं तेच करतात,
शेवटच्या राक्षसासाठी राखून ठेवतात
आणि राक्षस मेल्यावर झोळीत सत्तर बाटल्या.
प्या हो, पिऊन टाका.

सेव्ह करत जा. दार उघडण्याआधी, पुलाआधी,
आणि कुणी फार गोड बोलायला लागलं की लगेच.
शेकोटी दिसली की बसा थोडं.
कुऱ्हाडवाली मुलगी तिसऱ्या रात्री तोंड उघडते,
तिला मध्येच तोडू नका.

आणि हो, कुणी काही विचारलं
की खाली चार उत्तरं येतात.
त्यातलं एक तुम्ही द्यायचं.
तुम्हीच, बाई. दुसरं कुणी सांगणार नाही काय लिहायचं ते.

एवढं मी रविवारी सांगून आलो.

गुरुवारी रात्री पावणेबाराला फोन.
मला वाटलं, कार्ड गेलं.
लॅमिंग्टन रोडचं, चार वर्षं वापरलेलं,
हमी मीच दिली होती तोंडी.
कार्ड ठीक होतं.
चावडीवर पाणचक्कीवाल्याचा निवाडा चाललाय,
तीन पोती गहू कुणी पळवला यावरून,
आणि चार उत्तरं समोर ठेवून
बाई चाळीस मिनिटं बसून आहेत.

"मला एवढंच सांग, सचित,
इथे लिहून कोण घेतंय?"

मी आठवून पाहिलं. तीनदा संपवलाय तो खेळ.
पाटील आहे, भालेवाले दोघं आहेत,
पारावर झोपलेलं कुत्रंसुद्धा आहे.
कोणीच नाही, म्हटलं.

"मग उद्या सगळे फितूर होतील," म्हणाल्या,
आणि फोन बाजूला ठेवला, बंद न करता.

बराच वेळ मला ऐकू येत राहिलं:
गावातलं संगीत, तेच तेच,
कार्डाचा पंखा,
आणि कीबोर्डवर, तीन नव्हे, दहाच्या दहा बोटं
न अडखळता,
ओळ संपली की किंचित थांबून.